जुन्या दुनळीत नवे काडतूस : बसले म्हणजे चालले नव्हे

आजोबांच्या काळातली इंग्रजी दुनळी आजही अनेक परवानाधारकांच्या घरी आहे. गिऱ्हाईक ती साफसफाईला आणते आणि जाता जाता काडतुसांचा डबा मागते. दुकानदार एक काडतूस घालून पाहतो, ते बरोबर बसते, सौदा होतो. चूक नेमकी इथेच होते.

बारा बोअरच्या बऱ्याच जुन्या इंग्रजी बंदुकांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, अडीच इंच (६५ मि.मी.) असते. नवी काडतुसे बहुधा पावणेतीन इंची (७० मि.मी.) असतात. हे माप उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचे असते. न उडालेल्याचे तोंड आत दुमडलेले असल्याने ते आखूड असते आणि लहान चेंबरमध्येही सहज जाते. बार उडताना दुमड उघडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. म्हणून डब्यावरचे माप वाचावे आणि चेंबर गेजने मोजावे.

दुसरी बाब दारूची. जुन्या काळच्या कित्येक नळ्या फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या आहेत. आजची काडतुसे बिनधुराच्या दारूची असतात. लंडन आणि बर्मिंगहॅम (स्थापना १८१३) येथील प्रूफ हाऊस जादा भाराचे बार उडवून नळीची परीक्षा घेतात आणि नळीवर खुणा उमटवतात. दुनळी उघडून नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर ‘नायट्रो प्रूफ’ची खूण शोधावी. ती नसेल तर नवे काडतूस देऊ नये. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून, तापवून जोडलेल्या, वेलबुट्टीच्या ‘डमास्कस’ नळ्यांत तर जोडाच्या आत लपलेला गंज वरून दिसतही नाही.

खूण असली तरी ती तपासणीच्या दिवसाची साक्ष आहे. नंतर नळी आतून घासली गेली, खड्डे पडले, पोचे आले, तर ती साक्ष संपली. नळीच्या भिंतीची जाडी मोजावी. बंदूक मिटल्यावर नळ्या हलतात का, हेही पाहावे.

‘चेंबर लांब करून द्या,’ असे गिऱ्हाईक म्हणेल. कारागिराने नकार द्यावा. जिथे दाब सर्वांत जास्त तिथलेच धातू त्यात कमी होते, आणि पुन्हा प्रूफ केल्याशिवाय अशी बंदूक वापरणे धोक्याचे. पोलादी छर्रेही जुन्या नळीला वर्ज्य.

वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या जवळ कधीही ठेवू नये. ते नळीत पुढे सरकून अडकते. मागून बारा बोअरचे भरून बार काढला की नळी फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात.

दुरुस्ती आणि विक्री, दोन्हींना १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण परवाना गिऱ्हाइकाची बोटे वाचवीत नाही. शंका आली तर ‘ही भिंतीवरच शोभेल’ असे स्पष्ट सांगावे. एक डबा कमी विकला जाईल, पण दुकानाची पत राहील.