जोह्याच्या गल्लीतला कृष्णधवल उजेड

कृष्णधवल स्ट्रीट फोटोग्राफीसाठी लोक मुंबईतलं फोर्ट गाठतात. माझं मत विचाराल तर पेण तालुक्यातलं जोहे बघा. गणपतीच्या कारखान्यांबाहेर कच्च्या मूर्ती ओळीने उन्हात असतात. प्लास्टरच्या पांढऱ्याफेक, शाडूच्या करड्या. रंग अजून लागलेलाच नाही, मग फोटोतून काढायचा तरी कोणता?

अडचण कॅमेऱ्याची. तो जे मोजतो ते मध्यम करडं धरून चालतो. चौकट पांढऱ्या मूर्तींनी भरली की फोटो मळकट येतो. तेव्हा एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवा. उलट शेडच्या अंधारात एकच मूर्ती उन्हात असेल तर ती जळते. तिथे कमी करा. मोबाइलवर मूर्तीवर बोट टेकवून उजेड खाली ओढा. अंधार काळाच राहू द्या, त्याला उजळवायचा सोस नको.

वेळ सकाळची किंवा चारनंतरची. तिरप्या उन्हात सोंडेची सावली पोटावर उतरते. मेच्या मध्यावर भर दुपारी तर जाऊच नका, तेव्हा इथे शून्य सावली दिवस असतो!

आणि हाँगकाँगचा छायाचित्रकार फॅन हो जरूर बघा. त्याच्या १९५४च्या गाजलेल्या फोटोतली भिंतीवरची तिरकी सावली त्याने डार्करूममध्ये घातली होती. जोह्यात ती आयती मिळते. फक्त कारागिरांना आधी विचारा, मूर्तींना हात लावू नका.