बेडरूमचं दार बंद, तरीही बेस्टसेलर!

फिजिक्सच्या पुस्तकात लपवून कधी मिल्स अँड बून वाचलीयत? मग तो हिरो तुमच्या चांगल्याच ओळखीचा असणार. उंच, देखणा, गडगंज श्रीमंत आणि निम्मं पुस्तक होईपर्यंत प्रचंड उद्धट! आता असं इमॅजिन करा, की हा हिरो साधा शेतकरी आहे. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतो. लग्नाच्या पहिल्याच रात्री बायकोला घर देऊन स्वतः पडवीत झोपायला जातो. आणि ती त्याच्या प्रेमात पडते तेव्हा पुस्तक जवळपास संपलेलं असतं.

बोअर वाटतंय? अमेरिकेत विचारा! तिथे या प्रकाराला ‘इन्स्पिरेशनल रोमान्स’ म्हणतात आणि त्याचा वाचक चांगला मोठा आहे. मिल्स अँड बून ज्या कंपनीकडे आहे, त्या हार्लेक्विननेच १९९७ साली ‘लव्ह इन्स्पायर्ड’ नावाची खास ख्रिस्ती सिरीज सुरू केली. शिवीगाळ नाही, बेडरूम सीन तर नाहीच नाही. आपल्या जुन्या हिंदी सिनेमात निदान फुलावर फूल तरी आपटायचं, इथे तेवढीही सोय नाही! त्याऐवजी असतं घर, मुलं, जुनी जखम आणि देवावर रुसलेलं एखादं माणूस. (२०१४ पासून हार्लेक्विन हार्परकॉलिन्सच्या ताब्यात आहे, झॉन्डरव्हन आणि थॉमस नेल्सन हे मोठे ख्रिस्ती प्रकाशकही त्याच घरात. म्हणजे श्रद्धा श्रद्धेच्या जागी, हिशेब हिशेबाच्या.)

तो पडवीत झोपणारा हिरो आहे क्लार्क डेव्हिस. कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या १९७९ च्या कादंबरीतला. मार्टी आणि तिचा नवरा नवं आयुष्य शोधायला पश्चिमेकडे निघालेले. वाटेत नवरा अपघातात जातो. परक्या मुलखात मार्टी एकटी, त्यात पोटात बाळ. अंत्यविधी होतो न होतो तोच विधुर क्लार्क समोर येऊन म्हणतो, माझ्या लहान मुलीला आई हवीय, तुला डोक्यावर छप्पर. नाहीच पटलं, तर वसंतात गाड्या परत पूर्वेकडे निघतील तेव्हा भाडं मी देईन.

याला प्रपोजल म्हणायचं की जॉब ऑफर? तीही नोटीस पीरियडसकट! पण ओकबाईंची कमाल पुढेच आहे. मार्टीला धड स्वयंपाक येत नाही. पॅनकेक तेवढे जमतात, म्हणून पुन्हा पुन्हा तेच. क्लार्क मुकाट्याने खातो. प्रेमाबद्दल भाषण कुणीच देत नाही. हॉलमार्कने २००३ मध्ये यावर सिनेमा काढला, त्यात मार्टी झाली होती कॅथरीन हायगल. हो, ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’वाली इझी!

या कादंबऱ्यांत विधवा आणि विधुर फार भेटतात. आमच्या मते कारण अगदी साधं आहे. घटस्फोट म्हटला की पहिला प्रश्न येतो, चूक कुणाची? मरणात चूक कुणाचीच नसते, त्यामुळे दुसरा चान्स द्यायला सगळे तयार. आणि हे काही अमेरिकेचंच नाही हं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आठवा. विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालेलं. लेखक स्वतः ख्रिस्ती झालेले. विधवांची दुःखं पाहत फिरणारी यमुना एक दिवस स्वतःच विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. पुस्तक सुधारणेचं, रोमान्सचं नव्हे. पण सेकंड चान्सची गोष्ट आपल्याकडे पहिल्याच कादंबरीत येऊन गेली, हे काय कमी आहे?

मामला खरा अवघड होतो, तो हिरॉइनवर ‘डाग’ असला की. फ्रान्सीन रिव्हर्स आधी चांगल्या हॉट ऐतिहासिक रोमान्स लिहायच्या. १९८६ मध्ये त्या श्रद्धेकडे वळल्या आणि १९९१ मध्ये आली ‘रिडीमिंग लव्ह’. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची गोष्ट त्यांनी १८५० च्या, सोन्यामागे वेड्या झालेल्या कॅलिफोर्नियात नेली. एंजलला लहानपणीच कोठ्यावर विकलंय. मायकल होशेया नावाचा शेतकरी तिच्याशी लग्न करतो. ती पळते. तो आणतो. ती परत पळते...

इथे आमचं डोकं जरा सटकतं. मार खाऊन अर्धवट शुद्धीत पडलेली मुलगी लग्नाला हो म्हणते, तो होकार कसला? पळून गेलेल्या बाईला परत आणणं म्हणजे प्रेम, हे खऱ्या आयुष्यात कुणी मनावर घेतलं तर पोलिसांकडेच जायला हवं. क्षमा करण्याची जबाबदारी नेहमी दुखावलेल्या माणसावर टाकायची, हा या पुस्तकांचा जुना रोग आहे. पण रिव्हर्सबाईंना बहुतेक हे कळलं होतं. (शेवट सांगतोय, नको असेल तर हा पॅरा सोडा!) शेवटच्या वेळी एंजल जाते तेव्हा मायकल तिच्या मागे जात नाही. तीन वर्षं जातात. ती सॅन फ्रान्सिस्कोत आपल्यासारख्याच मुलींना उभं करायचं काम करते आणि मग स्वतःच्या मर्जीने परत येते. तेव्हा कुठे ती त्याला आपलं खरं नाव सांगते. त्या एका पानासाठी आम्ही आधीची बरीच पानं माफ केली. २०२२ मध्ये सिनेमाही आला, पण पुस्तकच वाचा.

आणि नवरा-बायको दोघंही जिवंत, दोघंही कंटाळलेले असतील तर? कॅरन किंग्सबरी यांची ‘अ टाइम टु डान्स’ (२००१) इथूनच सुरू होते. या बाई आधी स्पोर्ट्स रिपोर्टर होत्या, म्हणूनच असेल, हिरो आहे फुटबॉल कोच. जॉन आणि अ‍ॅबी मुलांना समोर बसवून घटस्फोटाची बातमी देणार, तेवढ्यात मुलगी म्हणते, आई-बाबा, माझं लग्न ठरलंय! झालं. ‘पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू.’ हे वाक्य आपल्याकडच्या किती बेडरूममध्ये दबक्या आवाजात बोललं जातं! मग लग्न होईपर्यंत चेहऱ्यावर हसू, पाहुण्यांसमोर नाटक. आणि नाटक करताकरताच दोघांना आठवायला लागतं, की आपण एकमेकांना मुळात का निवडलं होतं.

सुरुवात करायची तर ओकबाईंपासून करा, छोटीशी आहे, वीकेंडला आरामात संपेल. रिव्हर्ससाठी मात्र एखादी रजा शिल्लक ठेवा. आणि हो, या वेळी फिजिक्सच्या पुस्तकात लपवायची गरज नाही. कव्हरवरची बाई आजीच्या समोरही चालेल, इतक्या पूर्ण कपड्यांत असते!