विश्लेषण : राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘अनिश्चित’! द्रुझांचे मजदल शम्स नेमके कोणत्या देशाचे?

सीरियातील स्वैदा प्रांतात द्रुझांवर हल्ले सुरू झाल्याच्या बातम्या जुलै २०२५ मध्ये येऊ लागल्या आणि तिथून दूर, गोलन टेकड्यांवरील मजदल शम्स या डोंगराळ गावात गर्दी कुंपणाकडे धावली. शेकडो द्रुझ इस्रायली लष्कराला न जुमानता तारा ओलांडून सीरियाच्या बाजूला गेले. पलीकडून काही जण इकडे आले. ज्या नातेवाइकांना आयुष्यभर केवळ दुर्बिणीतून किंवा मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, त्यांच्या गळ्यात पडून रडणाऱ्या माणसांची दृश्ये जगभर गेली. १९६७ मध्ये सहा दिवसांच्या युद्धात विभागल्या गेलेल्या या गावाची कहाणी साधी नाही.

मजदल शम्स कुठे आहे?

हर्मोन पर्वताच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर वसलेले हे गाव. वस्ती साधारण बारा हजार. मजदल म्हणजे बुरूज आणि शम्स म्हणजे सूर्य. हिवाळ्यात बर्फ पडते, उन्हाळ्यात सफरचंद आणि चेरीच्या बागा बहरतात. इथून दमास्कस सरळ रेषेत ५५ किलोमीटरच्या आसपास. जेरुसलेम त्याच्या तिप्पट दूर. म्हणजे बाजारहाट, शिक्षण, सोयरीक या सगळ्यांसाठी गावकऱ्यांचे तोंड कायम दमास्कसकडेच असणार होते. १९६७ पर्यंत ते तसेच होते.

द्रुझ म्हणजे कोण?

अकराव्या शतकात, कैरोमध्ये फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या काळात, इस्माइली शिया परंपरेतून हा पंथ निघाला. हमजा इब्न अली हा त्याचा प्रमुख प्रवर्तक. ‘द्रुझ’ हे नाव मात्र दराझी नावाच्या प्रचारकावरून पडले आणि गंमत अशी, की द्रुझ स्वतः त्याला पाखंडी मानतात. ते स्वतःला ‘मुवाहिदून’, म्हणजे एकेश्वरवादी म्हणवतात. १०४३ नंतर पंथाचे दरवाजे बंद झाले. बाहेरच्याला आत येता येत नाही, बाहेर लग्न केलेल्याला समाजात जागा उरत नाही. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारही सर्वांना नाही. तो ‘उक्काल’, म्हणजे दीक्षित स्त्री-पुरुषांना. गडद पेहराव आणि डोक्यावर पांढरी टोपी किंवा ओढणी ही त्यांची खूण. बाकीचे ‘जुहाल’, म्हणजे अदीक्षित.

मराठी वाचकाला सर्वात ओळखीची वाटेल ती त्यांची पुनर्जन्मावरील श्रद्धा. देह हा केवळ सदरा, आत्मा तो बदलतो, अशी त्यांची धारणा आहे. मात्र हिंदू कल्पनेप्रमाणे इतर योनींमध्ये जन्म नाही. माणूस मेला की त्याच क्षणी माणसाच्याच, तेही द्रुझ अर्भकाच्या देहात आत्मा जातो. मागच्या जन्मातले घर ओळखणाऱ्या मुलांच्या कथा द्रुझ गावांमध्ये सर्रास ऐकायला मिळतात.

जगभरात द्रुझ साधारण दहा लाख. निम्म्याहून अधिक सीरियात, त्याखालोखाल लेबनॉनमध्ये, दीड लाखाच्या आसपास इस्रायलच्या नियंत्रणाखाली. ज्या देशात राहतो त्याच्याशी निष्ठा, हे या समाजाचे धोरण मानले जाते. गॅलिली आणि कार्मेलमधील द्रुझ पुरुषांना १९५६ पासून इस्रायली लष्करात सक्तीची सेवा आहे आणि अनेक जण वरच्या हुद्द्यांवर पोहोचले आहेत. पण देशच बदलला तर? हा प्रश्न मजदल शम्सपुढे उभा राहिला.

१९६७ मध्ये काय घडले?

त्याआधीचा एक संदर्भ महत्त्वाचा. फ्रेंच राजवटीविरुद्ध १९२५ मध्ये सीरियात उठाव झाला, त्याचे नेतृत्व द्रुझ सरदार सुलतान अल-अत्राश यांनी केले. मजदल शम्स त्या लढ्यात होते आणि फ्रेंच फौजांचा मारही त्याने सोसला. अल-अत्राश यांचा पुतळा आज गावाच्या मुख्य चौकात उभा आहे. इस्रायली नियंत्रणाखालच्या गावाच्या चौकात सीरियाचा स्वातंत्र्यवीर!

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने गोलन जिंकले. तेथील बहुसंख्य सीरियन लोक परागंदा झाले वा हुसकावले गेले आणि शेकडो वाड्या-वस्त्या ओस पडल्या. उरली ती मजदल शम्स, बुकाता, मसादा आणि ऐन किनिया ही चार द्रुझ गावे आणि लेबनॉनच्या सीमेलगतचे अलावी पंथीयांचे घजर. सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास माणसे. मजदल शम्सला लागूनच युद्धबंदीची रेषा आली आणि भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला असे झाले.

ओळखपत्रे का फेकली?

१४ डिसेंबर १९८१ रोजी इस्रायलच्या संसदेने गोलनला इस्रायली कायदा लागू केला. तीनच दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ४९७ द्वारे हा निर्णय रद्दबातल ठरवला. पण जमिनीवर फरक पडला नाही. गावकऱ्यांच्या हाती इस्रायली ओळखपत्रे देण्याची मोहीम सुरू झाली. उत्तरादाखल १४ फेब्रुवारी १९८२ पासून चारही द्रुझ गावांनी बेमुदत संप पुकारला. दुकाने, शाळा, रोजगार बंद. लष्कराने गावांची नाकेबंदी केली, सैनिकांनी घरोघरी जाऊन ओळखपत्रे टाकली आणि लोकांनी ती रस्त्यावर फेकून दिली. हा संप सुमारे पाच महिने चालला. नागरिकत्व घेणाऱ्यावर सामाजिक बहिष्कार होता : त्याला लग्नाचे आवतण नाही, त्याच्या मयताला कोणी येणार नाही. लहान गावात यापेक्षा मोठी शिक्षा कोणती?

अखेर तडजोड झाली ती अशी, की बहुतेकांकडे ‘कायम रहिवासी’ हा दर्जा आला. इस्रायलमध्ये काम करता येते, कर भरावा लागतो, सक्तीची लष्करसेवा नाही, संसदेसाठी मतदान नाही. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी प्रवासपत्र आणि त्यावर राष्ट्रीयत्व : ‘अनिश्चित’.

हाकांची टेकडी, नवरी आणि सफरचंदे

दूरध्वनी जोडलेले नव्हते, टपाल नव्हते. मग गावाच्या कडेच्या टेकडीवर लोक ध्वनिवर्धक घेऊन उभे राहत आणि दरीपलीकडच्या आप्तांशी ओरडून बोलत. जन्म, मृत्यू, साखरपुडा यांच्या बातम्या अशा भर चव्हाट्यावर, दोन्ही लष्करांच्या साक्षीने दिल्या जात. मधल्या पट्ट्यात भूसुरुंग पेरलेले. इंटरनेट आल्यावर ‘हाकांची टेकडी’ शांत होत गेली.

रेषा ओलांडण्याची मुभा मोजक्यांनाच होती. दमास्कस विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी, तीर्थयात्रेला जाणारे धर्मगुरू आणि नवऱ्या. कुनेत्रा नाक्यावरून रेड क्रॉसच्या मदतीने नवरी पलीकडे जाई. पण लग्न करून गेली की परतीचा रस्ता बहुधा बंद. माहेर डोळ्यांना दिसे, मात्र पाय ठेवता येत नसे. याच विषयावर एरान रिकलिस यांचा ‘द सीरियन ब्राइड’ हा चित्रपट २००४ मध्ये आला. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये गोलनची सफरचंदेही रेड क्रॉसच्या मालमोटारींतून सीरियात जाऊ लागली. माणसांना बंद असलेला नाका फळांना उघडला! सीरियातील यादवीत तोही व्यापार थांबला.

या पट्ट्याशी भारताचाही संबंध आहे. १९७४ पासून येथे तैनात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान आहेत आणि २०१२ ते २०१५ या सर्वात अवघड काळात तिचे नेतृत्व लेफ्टनंट जनरल इक्बाल सिंग सिंघा यांच्याकडे होते.

२७ जुलै २०२४ ला काय झाले?

शनिवारची संध्याकाळ, फुटबॉलचे मैदान. इशाऱ्याचा भोंगा आणि स्फोट यांत पळायलाही वेळ मिळाला नाही. मैदानावरची १२ मुले ठार झाली. रॉकेट हेजबोलाचे असल्याचे इस्रायल आणि अमेरिकेने सांगितले. हेजबोलाने इन्कार केला. तीन दिवसांनी इस्रायलने बैरुतमध्ये हेजबोलाचा वरिष्ठ कमांडर फुआद शुक्र याला ठार केले आणि युद्ध आणखी पेटले.

गावाची प्रतिक्रिया मात्र राज्यकर्त्यांना अपेक्षित अशी नव्हती. अंत्यविधीला आलेल्या इस्रायली मंत्र्यांना संतप्त गावकऱ्यांना तोंड द्यावे लागले, पंतप्रधान बेन्यामिन नेतान्याहू घटनास्थळी आले तेव्हाही निदर्शने झाली. आमच्या लेकरांच्या नावाने आणखी रक्त नको, असा सूर तिथे होता. तसे पाहता या गावाने सरकारकडून मागितले होते ते वेगळेच : घरे बांधायला परवानगी, शेतीला पाणी. जून २०२३ मध्ये शेतजमिनींवर उभ्या राहणाऱ्या प्रचंड पवनचक्क्यांविरोधात द्रुझ रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांशी मोठी धुमश्चक्री झाली होती.

आता निष्ठा कुणाकडे?

२०११ मध्ये सीरियात यादवी पेटल्यानंतर समीकरण बदलू लागले. कुणी असदसमर्थक, कुणी विरोधक. एकाच घरात दोन तट. परतायचे ते कोणत्या सीरियात, असे तरुण विचारू लागले आणि इस्रायली नागरिकत्वासाठीचे अर्ज वाढले. २०२२ च्या सुमारास गोलनमधील साधारण पाचपैकी एका द्रुझाकडे ते होते. तरीही २०१८ मध्ये प्रथमच स्थानिक निवडणुका घेतल्या गेल्या तेव्हा बहुतेकांनी बहिष्कार टाकला. सरपंचपदासाठी उभे राहायला नागरिकत्व हवे, ही अट त्यांना मान्य नव्हती.

८ डिसेंबर २०२४ ला बशर अल-असद यांची राजवट कोसळली, मजदल शम्सच्या चौकात जल्लोष झाला. त्याच दिवसांत इस्रायली फौजा युद्धबंदी रेषेपलीकडे सरकल्या आणि हर्मोनच्या शिखरावर पोहोचल्या. मार्च २०२५ मध्ये सीरियातील सुमारे शंभर द्रुझ धर्मगुरू बसगाड्यांतून मजदल शम्समार्गे गॅलिलीतील नबी शुऐब यांच्या दर्ग्याला गेले. अर्ध्या शतकात अशी यात्रा झाली नव्हती. गावकरी रस्त्याच्या दुतर्फा उभे होते.

जुलैमध्ये स्वैदात रक्तपात झाला, इस्रायलने दमास्कसमधील संरक्षण मंत्रालयावर बॉम्ब टाकले आणि कुंपण लोकांनीच ओलांडले. इकडून तिकडे गेलेल्यांना आणि तिकडून इकडे आलेल्यांना लष्कराने परत पाठवले. ज्यांची भेट झाली, त्यांना ती काही तासांचीच मिळाली.