कोयता लागला, साप चावला तर? फडावर निघण्याआधी प्रत्येक टोळीने हे वाचाच

बीड : दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज भागातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर निघतात. भांडीकुंडी, धान्य, कोयते सगळं गाडीत चढतं. औषधाचा डबा मात्र राहून जातो.

पेटी गेटच्या आतच का?

१९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी सक्तीची केली. ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर उपचाराची स्वतंत्र खोलीही. पण हे सगळं कारखान्याच्या गेटच्या आत. ऊस तोडणारा असतो फडात, मुकादमाची उचल घेऊन. जखम त्याला होते आणि पेटी राहते लांब. त्यात खाडा पडेल या भीतीने माणूस चिंधी बांधून पुन्हा कोयता उचलतो. म्हणून टोळीने स्वतःचा डबा सोबत ठेवावा.

डब्यात काय असावं? निर्जंतुक गॉज, बँडेजच्या पट्ट्या, कापूस, चिकटपट्टी, जंतुनाशक औषध, ओआरएसची पाकिटं, कात्री, बॅटरी.

कोयता लागला तर

स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरा. मधे मधे उचलून बघू नका. हात-पाय उंच ठेवा. हळद, चुना, तंबाखू, राख काहीही भरू नका. बोट तुटलं तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोटाला थेट बर्फ लागू देऊ नका. जखम लहान असली तरी दवाखान्यात दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

साप चावला तर

पाचटात नाग, मण्यार, घोणस, फुरसं, काहीही असू शकतं. चिरा देऊ नका, तोंडाने चोखू नका, दोरीने आवळू नका. अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज चढते. चावलेला भाग लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. साप शोधण्यात वेळ घालवू नका. या चारही सापांवर एकच लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत येत नाही.

१०८ कुठेही चालतो

महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर आहे, पैसे लागत नाहीत. मुक्काम पडला की पहिल्याच दिवशी गावाचं, शिवाराचं नाव आणि जवळचं सरकारी रुग्णालय विचारून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. रात्री फोनवर पत्ता सांगताना तेच कामी येतं.

केस पेपर जपून ठेवा

डॉक्टरांना ‘ऊस तोडताना लागलं’ असं स्पष्ट सांगा आणि केस पेपरवर तसं लिहून घ्या. तारीख बघा, फोटो काढून ठेवा. निघण्याआधी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्या. पुढे मदतीसाठी अर्ज करायची वेळ आली तर हेच दोन कागद आधी मागितले जातात.