धूमनेत्राची रचना : धूम शीतल असावा आणि नेत्र सहज शुद्ध व्हावे

धूमपान हा विषय आपण सर्वांनीच अभ्यासला आहे. प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक हे प्रकार, चरकोक्त आठ काल आणि नेत्राचे अंगुलप्रमाण परीक्षेत लिहून आपण गुणही मिळविले. मात्र प्रत्यक्ष चिकित्सालयात रुग्णाच्या हाती काय दिले जाते, हे पाहिले तर चित्र निराळे दिसते. कोणी जाड कागदाच्या सुरळीत हरिद्राचूर्ण भरून देतो, कोणी औषधी दुकानातील वनस्पतींची तयार सिगारेट सुचवितो, तर कोणी पेटती वर्ति नुसतीच नाकाशी धरावयास सांगतो. वर्तीचा विचार थोडाफार होतो. नेत्राचा मात्र होतच नाही.

प्रस्तुत लेखकही यास अपवाद नव्हता. २०११ च्या हिवाळ्यात जीर्ण प्रतिश्यायाच्या एका प्रौढ रुग्णास मी सुमारे सहा अंगुळे लांबीच्या पितळी नळीतून धूम दिला. दुसऱ्याच ओढीस त्याचा ओठ पोळला आणि खोकल्याची अशी उबळ आली की उपक्रम तेथेच थांबवावा लागला. नळी माझ्या हाती परत देत तो म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, यापेक्षा माझ्या आज्याची चिलीम बरी. तिला ओलं फडकं तरी असायचं.’’

बोलणे लागले; पण खरे होते. चिलीम ओढणारा निरक्षर मनुष्य ओठ व अंगार यांमध्ये ओल्या फडक्याची योजना करतो आणि पदवीधर वैद्य मात्र सहा अंगुळांची उघडी धातुनलिका देतो, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे. त्यानंतर मी मूळ ग्रंथ पुन्हा उघडले आणि जे वर्णन केवळ पाठांतरासाठी वाचले होते, ते कारागिराच्या दृष्टीने वाचू लागलो.

चरकांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात वैरेचनिकासाठी २४, स्नैहिकासाठी ३२ व प्रायोगिकासाठी ३६ अंगुळे नेत्र सांगितले असून ते रुग्णाच्या स्वतःच्या अंगुळांनी मोजावयाचे आहे. सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या चाळिसाव्या अध्यायात प्रायोगिकाची लांबी ४८ अंगुळांपर्यंत नेली आहे. कासघ्न व वामनीय धूमासाठी मात्र १६ अंगुळे पुरेशी मानली आहेत. वाग्भटांचे मध्यम नेत्र ४० अंगुळांचे आहे. मतभेद लांबीच्या आकड्यात आहे, दिशेत नाही. जो धूम नित्य घ्यावयाचा त्याचे नेत्र सर्वांत लांब आणि जो तीक्ष्ण कार्यासाठी क्वचित घ्यावयाचा त्याचे आखूड, हा क्रम तिन्ही आचार्यांस मान्य आहे. एक अंगुळ म्हणजे १.९५ सें.मी. हे आज रूढ असलेले प्रमाण धरल्यास ३६ अंगुळे म्हणजे सुमारे ७० सें.मी. होतात. माझी पितळी नळी १२ सें.मी. देखील नव्हती.

नेत्र सरळ असावे, त्रिकोष असावे, अग्रछिद्र बोराच्या आठळीएवढे असावे व द्रव्य बस्तिनेत्राप्रमाणे असावे, असे चरक सांगतात. पुढे त्याचे कारणही देतात. दुरून आलेला, पर्वांनी खंडित झालेला व नळीने बारीक केलेला धूम इंद्रियांस पीडा देत नाही. ग्रंथकार नियमासोबत कारण देतो तेव्हा ते कारण तपासून पाहणे हे आपले काम आहे.

प्रथम ‘दुरून’ या शब्दाचा विचार करू. सिगारेटची यंत्रावर परीक्षा करताना एक ओढ ३५ मि.लि. धरण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. मी करविलेल्या नेत्राचे तीन समान खंड असून त्यांचे आतील व्यास मूलाकडून अनुक्रमे १२, ८ व ६ मि.मी. आहेत, एकूण लांबी ७० सें.मी. आहे. या पोकळीचे आकारमान सुमारे ४५ मि.लि. भरते. याचा अर्थ असा की, मृदू ओढीने अंगारापासून निघालेला धूम त्या ओढीत मुखापर्यंत पोहोचतच नाही. तो नळीत थांबतो, भिंतींस उष्णता देतो आणि पुढील ओढीच्या वेळी मुखात येतो. धूम हा वायुरूप असल्याने त्याच्या अंगी उष्णता फार थोडी असते. थांबावयास जागा व वेळ मिळाल्यास तो लवकर निवतो. लांबीचे मर्म हेच असावे असे मला वाटते.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. पहिल्या ओढीस रुग्णाच्या मुखात केवळ नळीतील हवा येते. ‘‘धूर येत नाही’’ असे म्हणून तो जोराने ओढतो, अंगार भडकतो आणि तप्त धूम एकदम सर्व नळी ओलांडून घशात शिरतो. म्हणून पहिली ओढ रिकामी जाईल, हे आधी सांगून ठेवावे.

मुख पोळण्याचे दुसरे कारण वाफ हे आहे आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते, आणि ती पडते जिभेवर व ओठावर. पाईप ओढणाऱ्यांसही ओली तंबाखू जीभ पोळते हा अनुभव आहे. तेथील कारागिरांनी या प्रश्नावर बरेच डोके चालविले. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसन यांनी १८९० मध्ये धूममार्गाखाली ओलावा साठविणारी खोलगट जागा ठेवून पाईपचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातील वैमानिकीचे प्राध्यापक फ्रेडरिक कर्स्टन यांनी पाईपचा दांडाच ॲल्युमिनियमच्या नळीचा केला. नळीने उष्णता बाहेर टाकावी, ओलावा तिच्या भिंतीवर धरावा आणि खंड सुटे करून पुसता यावेत, अशी ती योजना होती. तंबाखूसाठी केलेला तो खटाटोप आपणास अनुकरणीय नाही. परंतु उष्णता, वाफ व चिकटा हे तीन शत्रू त्यांनी अचूक ओळखले होते. आपल्याकडे त्यांतील वाफेचा बंदोबस्त वर्तीतच होतो. शरकांडावर लेप द्यावा, वर्ति वाळवावी, मगच आतील काडी काढून घ्यावी, या क्रमातील वाळविणे घाईने उरकले की पुढे नेत्र कितीही उत्तम असले तरी धूम पोळतो.

आता पर्वांविषयी. त्रिकोष म्हणजे तीन पर्वांचे. प्रत्येक सांध्याशी आतील व्यास बदलतो, धूमाचा प्रवाह पायरीवर आदळतो, आणि त्यातील जड कण व स्नेहाचे थेंब तेथे चिकटतात. हे पहिल्या आठवड्यातच डोळ्यांनी दिसले. मूल व मध्य खंडांच्या सांध्यात काळसर चिकटा सर्वाधिक होता, अग्रखंडात अगदी अल्प. जो चिकटा सांध्यात राहिला तो रुग्णाच्या घशात गेला नाही, आणि सांधाच उघडता येत असल्याने तो पुसूनही काढता आला. शीतलता व स्वच्छता या दोन्ही गोष्टी एकाच रचनेतून साधतात, हे मला ग्रंथ वाचून नव्हे, तर नळी धुताना उमगले.

सांधा कसा असावा, हे कार्यशाळेत स्पष्ट सांगावे लागते. लेथवाला सवयीने आटे पाडून देतो. आटे नकोत, त्यांत चिकटा बसतो व दुसऱ्या दिवशी खंड सुटत नाहीत. किंचित निमुळते टोक दुसऱ्या खंडात घट्ट बसावे, एवढे पुरे. अग्राकडील खंड नेहमी मूलाकडील खंडाच्या आत शिरावा. सुश्रुतांनी धूमपान करणाऱ्यास सरळ बसून दृष्टी खाली ठेवण्यास सांगितले आहे. त्या स्थितीत नेत्र मुखाकडून अंगाराकडे उतरते होते आणि आत जमलेला द्रव ओठापासून दूर वाहतो. कौलांप्रमाणे वरचा भाग खालच्यात उतरत असेल तर सांध्यातून गळती होत नाही. गोपुच्छाकृती निमुळतेपणामुळे हे आपोआपच जमते. सांध्यात शिरणारा भाग मात्र लांबीच्या हिशेबात धरू नये. मी तो धरला आणि पहिले नेत्र दोन अंगुळे आखूड झाले.

द्रव्याच्या निवडीत मी बराच काळ घालविला. बस्तिनेत्रासाठी सुवर्णरौप्यापासून वेळू व शिंगापर्यंत अनेक द्रव्ये ग्रंथात आहेत. मला तांबे हवे होते, कारण ते उष्णता झटकन वाहून नेते. पुण्याच्या तांबट आळीतील एका वयस्क कारागिराने आराखडा पाहिला व विचारले, ‘‘आतून कल्हई कशी लावायची? जिथं बोट जात नाही तिथं पुसणार कसं?’’ कल्हईविना तांबे व पितळ कळकणारच. शिवाय कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळते, म्हणजे अंगाराजवळच्या खंडात कल्हई टिकणेही कठीण. तेव्हा मूल व मध्य खंड ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे केले. स्टील उष्णता तांब्याइतकी वाहून नेत नाही हे खरे. पण ७० सें.मी. लांबीत ती उणीव जाणवत नाही.

अग्रखंड वेळूचा ठेवला. ओठास तो तापत नाही, स्वस्त पडतो आणि प्रत्येक रुग्णास स्वतंत्र देता येतो. त्यावर रोगण वा लाख नसावी, एवढे पाहावे. पीव्हीसीची वीजतारांची नळी कोणीही, क्षणभरदेखील वापरू नये. ती तापली की मऊ होते आणि जळाल्यास तिच्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. जस्ताचा मुलामा दिलेली नळीही त्याज्यच.

मूलाचे तोंड दंडगोल न करता शंकूसारखे पसरट करावे. वर्ति यवाकृती म्हणजे मध्ये जाड व टोकांस निमुळती सांगितली आहे; अशा तोंडात थोड्याफार कमीजास्त जाडीची वर्तिही नीट बसते. आत एक बारीक जाळी ठेवल्यास राख पुढे सरकत नाही.

शुद्धीची वेळ महत्त्वाची आहे. नेत्र निवाल्यावर, पण त्याच दिवशी, सळईला फडक्याची पट्टी बांधून प्रत्येक खंड पुसावा. वर्तीस लावलेले तूप अर्धवट जळून भिंतीवर बसते. दोन दिवस ठेवले तर त्याचा वार्निशासारखा थर होतो, मग नखही लागत नाही. पुसल्यानंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटे उकळावे, बारीक ब्रश फिरवावा, स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे. दुसऱ्या रुग्णासाठी वापरण्यापूर्वी स्टीलचे खंड ऑटोक्लेव्हमधून काढावेत. जीर्ण कासाच्या रुग्णांत क्षयाचे रुग्णही असतात, हे विसरून एकच नळी दहा जणांच्या तोंडी देणे हा अपराध आहे.

औषधी दुकानांच्या व निर्माणशाळांच्या चालक सभासदांस येथे एक विनंती आहे. बाजारातील तयार वर्ति सिगारेटच्या मापाच्या असतात आणि त्या थेट ओठात धरण्यासाठीच बनविलेल्या असतात. म्हणजे अंगार ओठापासून चार अंगुळांवर. कृपया निमुळती, मध्ये पोकळ, पूर्ण वाळलेली, हवाबंद वेष्टनातील वर्ति काढावी आणि तीसोबत नेत्रही उपलब्ध करावे. चरकोक्त वैरेचनिक योगातील हरताल व मनःशिला ही दोन्ही संखियाची संयुगे आहेत. त्यांच्या ज्वलनातून निघणारा धूम विषारी असतो व त्याचा अंश नळीतही राहतो. हा योग आज धूमासाठी कोणी बनवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना हा आराखडा कोणाच्या हाती देणे मला योग्य वाटत नाही. धूम शीतल झाला म्हणजे निर्दोष झाला असे नव्हे. वनस्पती कोणतीही असो, ती जळताना कार्बन मोनॉक्साईड निर्माण होतो, आणि नळी कितीही लांब केली तरी तो वायू तिच्यात अडकत नाही. हुक्क्याच्या पाण्याविषयी लोकांची जी फसगत झाली, तीच येथेही होऊ शकते. उलट तप्त धूम रुग्णास स्वतःच थांबवितो. शीतल धूम तो निःशंकपणे छातीत खोल ओढतो व पुन्हा मागतो. म्हणूनच तीन-तीन ओढींची मर्यादा, मुखानेच धूम बाहेर सोडण्याचा नियम आणि निषिद्ध रुग्णांची लांबलचक यादी यांचे महत्त्व चांगल्या नेत्रामुळे कमी होत नाही, वाढते. गर्भिणी, रक्तपित्ती, क्षतक्षीण व तिमिराचे रुग्ण यांस धूम नाहीच. श्वासाच्या ज्या रुग्णास धुराने त्रास वाढतो, त्यास मी तो देत नाही. वाग्भटांनी अठरा वर्षांखालील व्यक्तीस धूम निषिद्ध केला आहे. २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यातील विक्रीची वयोमर्यादाही तीच असावी, हा योगायोग पालकांस सांगताना उपयोगी पडतो.

या कारणास्तव मी स्टीलचे दोन्ही खंड चिकित्सालयातच ठेवतो. वेळूचा अग्रखंड नावाची चिठ्ठी लावून निराळ्या कागदी पाकिटात असतो आणि उपक्रम संपताच मोडून टाकला जातो. घरी नेण्यासाठी काही रुग्ण संपूर्ण नेत्र विकत मागतात. आजवर ते कोणासही दिलेले नाही.