जुन्या मोटारीला नवे ब्रेक

डॅटसन २४० झेड ही जपानी स्पोर्ट्स मोटार १९६९ सालच्या अखेरीस पुढें आली आणि त्यानंतरच्या वर्षापासून अमेरिकेंत तिची मोठ्या प्रमाणावर विक्री होऊं लागली. लांबट नाक, दोनच माणसांची बैठक, सहा सिलिंडरांचें २.४ लिटरचें एंजिन आणि ताशीं २०० किलोमीटरच्या आसपास जाणारा वेग, इतकें सर्व त्या काळच्या युरोपीय स्पोर्ट्स मोटारींच्या मानानें माफक किंमतींत मिळत असल्यामुळें ती थोड्याच अवधींत लोकप्रिय झाली. आज तिचें वय पन्नास वर्षांहून अधिक आहे. तरीही निरनिराळ्या देशांतील हौशी मालक तिला जिवापाड जपतात. आणि त्यांपैकीं अनेकांच्या मनांत केव्हां ना केव्हां एक शंका येतेच. हिचे ब्रेक आजच्या रहदारीला पुरे पडतील काय?

या शंकेवर हौशी मंडळींत एक उपाय फार दिवसांपासून रूढ आहे. २४० झेडच्या पुढच्या चाकांना मुळांतच तबकडीचे, म्हणजे डिस्क ब्रेक असून मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढची लोखंडी तबकडी चाकाबरोबर फिरते. तिला दोन्ही बाजूंनीं चिमट्यांत धरणारा जो भाग, त्याला कॅलिपर म्हणतात. मूळच्या कॅलिपरांत तेलाच्या दाबानें सरकणारे दोन दट्टे आहेत. टोयोटाची हायलक्स नांवाची मालवाहू गाडी आहे. तिच्या चारही चाकांना शक्ति पुरविणाऱ्या नमुन्याच्या १९८० च्या सुमाराच्या कॅलिपरांत असे चार दट्टे असतात. आणि त्याच्या बोल्टांचीं छिद्रें २४० झेडच्या छिद्रांशीं नेमकीं जुळतात. तबकडीमागचा संरक्षक पत्रा थोडा कापावा लागतो, तेलाची नळी बदलावी लागते, आणि मालवाहू गाडीचा भाग स्पोर्ट्स मोटारीवर बसतो. ज्यांना याहून जाड, आंतून हवा खेळणारी तबकडी हवी असेल, ते १९८४ च्या सुमाराच्या ३०० झेडएक्स मोटारीची तबकडी घेतात. मग टोयोटाचाच, पण अधिक रुंद तोंडाचा कॅलिपर लागतो, आणि तबकडी योग्य जागीं यावी म्हणून मध्यें धातूची एक चकती घालावी लागते.

भाग बसला कीं काम झालें, असा समज होणें स्वाभाविक आहे. परंतु छिद्रें जुळणें निराळें आणि ब्रेक जुळणें निराळें. पेडलापासून टायरापर्यंत ब्रेक ही एकच सांखळी आहे. तिची एक कडी मोठी केली, तर बाकीच्या कड्यांवर काय परिणाम होतो हें पाहिल्यावांचून ती सुधारली कीं बिघडली हें ठरवितां येत नाहीं.

ब्रेकचें मुख्य काम उष्णतेचें आहे. चालकासह ११०० किलो वजनाची मोटार ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतांना तिच्यांत सुमारें ४ लक्ष २४ हजार ज्यूल इतकी गतिज ऊर्जा असते. मोटार थांबली म्हणून ही ऊर्जा नाहींशी होत नाहीं. घर्षणानें तिची उष्णता होते. सव्वा लिटर पाणी उकळीपर्यंत तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी ही आहे. शेगडीवर ज्या कामाला कित्येक मिनिटें लागतात, तें ब्रेकमध्यें तीन-चार सेकंदांत घडतें. वेग दुप्पट झाला तर ही उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. या उष्णतेपैकीं ७० टक्के भाग पुढच्या दोन तबकड्यांच्या वांट्यास येतो असें धरलें आणि प्रत्येक तबकडी ५ किलो वजनाची मानली, तर एकदां थांबल्यानें तिचें तपमान ६० ते ६५ अंशांनीं वाढतें. एक वेळ थांबण्यास हें कांहींच नव्हे. परंतु ३०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकच्या भरंवशावर उतरला, तर अशा साडेसात थांबण्यांइतकी उष्णता उत्पन्न होते, आणि तबकडीला निवण्यास मात्र फारशी सवड मिळत नाहीं.

अति तापलेला ब्रेक दोन तऱ्हांनीं दगा देतो. पहिल्या प्रकारांत पेडल पायाला घट्ट लागतें, पण मोटार मंदावत नाहीं. येथें पॅडाच्या घर्षण करणाऱ्या पदार्थाची पकड गेलेली असते. दुसऱ्या प्रकारांत पेडल मऊ होतें आणि तळाला जातें. येथें ब्रेकचें तेल उकळून त्याची वाफ झालेली असते. तेल दाबलें तर जवळजवळ आकसत नाहीं, वाफ मात्र सहज आकसते. त्यामुळें पायाचा जोर वाफ दाबण्यांतच संपतो. सामान्य ब्रेक-तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, हें यामागचें मोठें कारण आहे. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेंटिग्रेड असावा असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या तेलाला हीच मर्यादा १४० अंशांची आहे. डॉट ४ प्रतीसाठीं हे आंकडे २३० आणि १५५ असे आहेत. यास्तव अनेक वर्षें न बदललेलें तेल बदलणें, हीच कित्येकदां सर्वांत स्वस्त सुधारणा ठरते.

आतां टोयोटाच्या कॅलिपरानें काय साधतें? पॅड मोठे मिळतात, त्यांवरचा दाब चार दट्ट्यांत वांटला जातो, कॅलिपर अधिक भक्कम असल्यामुळें पेडल दाबतांना कमी लवचिकपणा जाणवतो. पण तबकडी जुनीच ठेवली, तर उष्णता सांठविण्याची जागा वाढत नाहीं. ज्याला घाट उतरावयाचे आहेत किंवा शर्यतीच्या मार्गावर फेऱ्या मारावयाच्या आहेत, त्याच्या उपयोगाची खरी वस्तु जाड आणि हवेशीर तबकडी ही होय. शिवाय एकाच झटक्यांत थांबण्याचें अंतर अखेर टायरच ठरवितात. २४० झेडला मूळचे टायर १७५ मिलिमीटर रुंदीचे होते, आणि मूळचा ब्रेक सुस्थितींत असेल तर तीं चाकें जखडून टाकण्याइतकी ताकद त्यांत असतेच. चाक एकदां जखडल्यावर त्यावर आणखी जोर लावून कांहीं उपयोग नसतो. अशा वेळीं चांगले टायर घालणें हें नव्या कॅलिपरापेक्षां अधिक फलदायी होतें.

यापुढचा मुद्दा समतोलाचा आहे आणि जिवाशीं गांठ आहे ती येथें. मोटार जोरानें थांबविली म्हणजे तिचें नाक खालीं झुकतें, हें सर्वांनीं पाहिलेलें असतें. त्या झुकण्याबरोबर मागच्या चाकांवरचा भार पुढच्या चाकांवर जातो. २४० झेडच्या पुढच्या-मागच्या चाकांत सुमारें २.३ मीटर अंतर आहे. मोटारीचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर धरला आणि कोरड्या रस्त्यावर ती जोरानें थांबविली, तर सुमारें १९० किलो भार असा पुढें सरकतो. म्हणजे उभ्या स्थितींत दोहोंकडे ५५० किलो असला, तर थांबतांना पुढें ७४० आणि मागें ३६० राहतो. पुढचीं चाकें मागच्यांच्या दुप्पट काम करूं शकतात, तीं यामुळें.

जें चाक जखडतें, त्याची बाजूला न घसरण्याची शक्तिहि जाते. पुढचीं चाकें आधीं जखडलीं तर मोटार सरळ घसरत जाते आणि स्टिअरिंगला दाद देत नाहीं. हें वाईटच, पण चालकानें पाय थोडा सैल केला कीं ती पुन्हां ताब्यांत येते. मागचीं आधीं जखडलीं तर मोटारीचा मागचा भाग पुढें येऊं पाहतो आणि क्षणार्धांत ती आडवी फिरते. म्हणून कारखानदार नेहमीं पुढचीं चाकें आधीं जखडतील अशीच योजना करतात. पुढें मोठे कॅलिपर बसविले आणि मागें कांहींच केलें नाहीं, तर मोटार सहसा धोकादायक होत नाहीं. मात्र मागच्या ब्रेकांचा हिस्सा आणखी घटतो. उलट हौसेखातर मागचे ड्रम काढून २८० झेडएक्सचे डिस्क ब्रेक बसविले आणि समतोल तपासला नाहीं, तर तीच सुधारणा घातक होऊं शकते.

ड्रम काढून तबकडी बसविण्यांत आणखी एक गुंतागुंत आहे. ड्रमांत एक ब्रेक-शू असा बसविलेला असतो कीं, फिरतें ड्रम त्याला आपल्याकडे ओढून घेतें आणि पायाचा जोर आपोआप वाढतो. तबकडीला ही मदत नसते. तिला तेलाचा अधिक दाब लागतो. शिवाय ड्रमाच्या नळींत थोडा दाब कायम ठेवणारी एक झडप पुष्कळ मोटारींत असते. ती तशीच राहिली तर तबकडीवर पॅड घासत राहतात आणि ब्रेक उगाच तापतो. हातब्रेकची जोडणीहि नव्यानें करावी लागते.

पायाला जें जाणवतें, तें बहुतांशीं मास्टर सिलिंडरावर अवलंबून असतें. कॅलिपरांतील दट्ट्यांचें एकूण क्षेत्रफळ वाढलें तर त्यांना सरकविण्यास अधिक तेल लागतें, आणि पेडल खोल जातें. तें पुन्हां वर यावें म्हणून पुष्कळ जण मूळचा ७/८ इंच व्यासाचा मास्टर सिलिंडर काढून २८० झेडएक्सचा १५/१६ इंचाचा घालतात. त्यामुळें पेडल कमी खोल जातें, पण तेवढाच दाब उत्पन्न करण्यास पायाला सुमारें १५ टक्के अधिक जोर द्यावा लागतो. पेडल घट्ट लागलें म्हणजे ब्रेक चांगला झाला, हा समज म्हणूनच फसवा आहे.

या सर्वांवरून कामाचा क्रम ठरतो. प्रथम मूळचे ब्रेक मूळच्या स्थितींत आणावे. पन्नास वर्षांच्या रबरी नळ्या आंतून फुगलेल्या असतात, दट्टे गंजून अडकलेले असतात, मागच्या ड्रमांतील जुळणी कित्येक वर्षें कोणी पाहिलेली नसते. हे दोष दूर झाले कीं अनेक मोटारींची तक्रार तेथेंच मिटते. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्यामुळें ती हवेच्या झोतानें उडवूं नये, ओल्या पद्धतीनें काढावी. त्यानंतर ताजें तेल, चांगले टायर आणि रस्त्याला साजेसे पॅड यांचा विचार करावा. शर्यतीचे पॅड तापल्यावर उत्तम पकडतात, पण थंड असतांना तेच कमी पडतात. सकाळीं घरांतून निघालेल्या मोटारीला त्यांचा काय उपयोग?

इतकें करूनहि गरज राहिली, तरच पर्यायी भाग घ्यावे. भंगारांतून आणलेला कॅलिपर पुरा उघडून, साफ करून, नवीं रबरी कडीं घालूनच बसवावा. डावा आणि उजवा कॅलिपर यांची अदलाबदल झाली तर हवा काढण्याचा स्क्रू तळाशीं येतो, आंतील हवा वर अडकून राहते, आणि कितीहि वेळां तेल काढलें तरी पेडल मऊच राहतें. चाकाची आंतली कड कॅलिपराला घासत नाहीं ना, आणि स्टिअरिंग पुरें वळविलें असतां नळी कोठें ताणली जात नाहीं ना, हें चाक हातानें फिरवून पाहावें.

शेवटचें काम परीक्षेचें. मोकळ्या आणि बंदिस्त जागेंत, कमी वेगानें, सरळ रेषेंत थांबून पाहावें. कोणतीं चाकें आधीं जखडतात हें दूर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसानें सांगावें. मागच्या नळींत दाब कमी-अधिक करणारी झडप बसविली असेल, तर प्रारंभीं मागचा दाब कमींत कमी ठेवून तो थोडथोडा वाढवावा आणि मागचीं चाकें जखडण्याच्या बऱ्याच अलीकडे थांबावें. ही जुळणी कोरड्या रस्त्यावरच करावी. ओल्या रस्त्यावर मोटार हळू मंदावते, त्यामुळें पुढें सरकणारा भार कमी असतो आणि मागचीं चाकें अधिक ब्रेक सोसतात. तेथें योग्य वाटलेली जुळणी कोरड्या रस्त्यावर मोटार फिरवून टाकूं शकते.

जर्मनीसारख्या देशांत ब्रेकमधील असा बदल अधिकृत तपासणी करून नोंदविल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणतां येत नाहीं. हा नियम कोणास जाचक वाटेल. पण रस्त्यावरून जाणारे पादचारी, मुलें आणि सायकलस्वार यांनीं त्या मोटारीची हौस केलेली नसते, आणि तिच्या चाकांत काय बसविलें आहे हें त्यांना ठाऊकहि नसतें. नवे भाग बसविल्यावर कांहीं दिवसांनीं बोल्ट पुन्हां तपासावे, तेल कोठें झिरपतें काय हें पाहावें, आणि काढलेले मूळचे भाग नांव लिहून, तेल लावून कपाटांत ठेवून द्यावे. पुढेंमागें कोणाला ती मोटार १९६९ सालासारखी करावयाची झाल्यास ते उपयोगी पडतील.