जुनं लास वेगास: नाण्यांचा खणखणाट आणि निऑनचा उजेड

लास वेगासच्या जुन्या कॅसिनोंवर माझा फार जीव आहे. म्हणून आज थोडी त्यांची आठवण.

नेवाडा राज्यानं १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला आणि वाळवंटातलं हे गाव बघता बघता शहर झालं. १९५२ मध्ये उघडलेल्या सँड्स या कॅसिनो-हॉटेलमध्ये फ्रँक सिनात्रा गायचे. १९९६ मध्ये सुरुंग लावून ते पाडलं आणि त्याच जागी व्हेनेशियन उभं राहिलं. ड्यून्स हॉटेल गेलं, तिथं बेलाजिओ आलं. १९५७ चं ट्रॉपिकाना ऑक्टोबर २०२४ मध्ये काही क्षणांत जमीनदोस्त झालं. तिथं आता बेसबॉलचं स्टेडियम येतंय.

कॅसिनोंचा आवाजही बदलला. पूर्वी स्लॉट मशीनच्या पत्र्याच्या ताटलीत नाणी खणखणत पडायची. नाणी मोजून बोटं काळी व्हायची. आता मशीनमधून फक्त कागदाची चिठ्ठी निघते. कमाईचं गणितही बदललं: स्ट्रिप या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांची निम्म्याहून जास्त कमाई आज खोल्या, जेवण आणि कार्यक्रमांतून होते.

तरी सगळं संपलेलं नाही. १९४१ चं एल कोर्टेझ हॉटेल अजून सुरू आहे. आणि लास वेगासच्या निऑन म्युझियममध्ये स्टारडस्ट या जुन्या कॅसिनोच्या पाटीची अक्षरं जपून ठेवलीत. जुन्या पाट्यांच्या काचेच्या नळ्या कारागीर आचेवर तापवून हातानं वळवायचे. त्यात निऑन वायू भरला की लालकेशरी उजेड, आर्गॉन आणि पारा असला की निळा!

वेगासला गेलात तर एक संध्याकाळ या पाट्यांसाठी नक्की राखून ठेवा.

#जुनंवेगास #निऑन